अधाशीपणा नेमका कोणाचा?

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत सकाळी रात्रपाळी सुटते, तेव्हा नाक्यावरच्या वडापावच्या गाड्यांपाशी उभे राहायला जागा नसते. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. काही जण तर रोज त्या गर्दीत असतात. डोळे तांबारलेले, हातात हेल्मेट, खांद्याला डब्याची पिशवी. डबाही बहुधा पूर्ण रिकामा नसतो. घरून दिलेली भाजी-भाकरी अर्धी तशीच उरलेली असते आणि माणूस मात्र कढईतल्या वड्याची वाट पाहत उभा असतो.

गेल्या उपवासकाळात याच गर्दीतल्या एका बंधूने आम्हांला एक प्रश्न विचारला. मिस्सा संपून सगळे पांगले तरी तो व्हरांड्यात रेंगाळत होता. राखेच्या बुधवारी त्याने ठरवले होते, की चाळीस दिवस तळलेले आणि गोड खायचे नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात नेम व्यवस्थित पाळला गेला. मग रात्रपाळी लागली. तिसऱ्याच रात्री, तीनच्या सुमारास, त्याने बिस्किटांचा अख्खा पुडा उभ्या उभ्या संपवला. सकाळी नाक्यावर दोन वडे खाल्ले. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तो म्हणाला, "माझ्या मनातच ताकद नाही. बायको म्हणते, देवाला दिलेला शब्दसुद्धा पाळता येत नाही तुम्हांला. तुम्हीच सांगा, हे पाप धरायचं का?"

आम्ही त्याला सांगितले, "प्रार्थना वाढवा. मनाला आवर घाला." तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्यानंतरचे दोन रविवार तो मागच्या बाकावर बसून राहिला. ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे आला नाही.

बंधुभगिनींनो, प्रार्थना वाढवा हा सल्ला कधी चुकीचा नसतो. तरीही त्या दिवशी आमचे चुकले असे आज आम्हांला वाटते. एक साधा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता आणि तो विचारलाच नाही: तुम्ही झोपता किती?

तो प्रश्न पुढे विचारला तेव्हा उत्तर असे मिळाले. घर दोन खोल्यांचे, रस्त्याला लागून. सकाळी आठला डोळा लागतो, साडेदहाला पाणी येते म्हणून उठायचे. पुन्हा आडवे व्हायचे, तोवर शेजारच्या खोलीत आईचा टीव्ही सुरू होतो. दोनच्या सुमाराला मुले शाळेतून येतात. तुकडे जोडून चार तास भरतात. त्यात काम कंत्राटी, आणि मुदत संपत आलेली. पुढे ठेवतात की नाही, कोणी काही बोलत नव्हते.

आता शरीर काय करते ते थोडे पाहू. आपल्याला वाटते, भूक म्हणजे पोट रिकामे आहे एवढीच खबर. प्रत्यक्षात शरीरात भुकेचे निरोप पोचवणारी रसायने आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. ते चरबीच्या पेशींतून निघते आणि मेंदूला सांगते, की साठा पुरेसा आहे, आता पुरे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन सापडले. ते मुख्यतः जठरातून निघते आणि उलट निरोप देते: खायला हवे. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. दोन रात्री त्यांना फक्त चार-चार तास अंथरुणावर राहू दिले, आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर 'पुरे' सांगणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलेले आढळले, 'खा' सांगणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलेले, आणि त्या तरुणांची भूक २४ टक्क्यांनी वाढलेली. सर्वांत जास्त ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. बिस्किटे आणि वडे हे दोन्ही त्याच यादीतले, हे वेगळे सांगायला नको.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद करतो. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हे आकडे असेच आले नाहीत. काही ठिकाणी ही रसायने फारशी हललेली दिसली नाहीत. पण झोप तुटलेला माणूस जास्त खातो, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसले. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे २३ जणांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. रात्रभर जागल्यावर मेंदूच्या पुढच्या भागातील तारतम्याची केंद्रे मंदावलेली होती, आणि आतला जो भाग ओढ निर्माण करतो तो जास्त चेतलेला होता. म्हणजे मागणारा जागा आणि "थांब" म्हणणारा पेंगुळलेला, अशी ती अवस्था.

चिंतेचेही तसेच. अचानक संकट आले तर भूक मरते; घरात कोणी आजारी पडले की ताटातले तसेच राहते. पण चिंता महिनोन्‌महिने घर करून राहिली, की कॉर्टिसोल नावाचे द्रव्य शरीरात चढते राहते आणि पुष्कळांना ते चमचमीत, तेलकट, गोड पदार्थांकडे ओढते. सगळ्यांना नव्हे. काही जण काळजीने वाळतातही. म्हणून एकाला जे जमले ते दुसऱ्याला का जमत नाही, असे तोलायला जाऊ नये.

आपल्या आजी-आजोबांना ही रसायने ठाऊक नव्हती, पण त्यांची एक म्हण फार नेमकी आहे: भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खऱ्या भुकेला कोंडाही चालतो, खऱ्या झोपेला उशाला दगडही पुरतो. हाच निकष पहाटे तीनच्या भुकेला लावून पाहा. डब्यात भाकरी आहे, ती नको; बिस्किटच हवे. मग ती भूक कोंड्याची नाही. ती निजेची आहे आणि बिस्किटाचे सोंग घेऊन आली आहे. त्या माणसाला धोंडा हवा होता, आम्ही त्याला उपदेश दिला!

येथे कोणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवे: मग काय, सगळा दोष झोपेवर टाकून मोकळे व्हायचे? उद्या चोरही म्हणेल की माझ्या रसायनांनी चोरी केली. अधाशीपणाला ख्रिस्तसभेने सात प्रमुख पापांत बसवले आहे, ते उगीच का?

उगीच नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हॅग्रियस नावाच्या साधूने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिच्यात पहिला खादाडपणा होता. पण त्याच यादीत कंटाळ्याचाही विचार आहे, आणि त्याचे त्याने केलेले वर्णन वाचताना हसू येते. मरगळलेल्या साधूला दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. तो पुन्हा पुन्हा बाहेर डोकावून सूर्य कुठवर आला ते बघतो, कारण जेवणाची वेळ किती दूर आहे हे त्याला मोजायचे असते. थकलेले मन आणि पोट यांचे नाते त्या तपस्व्यांनी स्वतःवरून ओळखले होते. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या संत ग्रेगरींनी अधाशीपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, भारी किमतीचे खाणे, अति खाणे, हावरटपणे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. ही यादी नीट पाहिली तर तिचा रोख पोट भरण्यावर नाही. जेवणाला जीवनाचा धनी करून टाकण्यावर आहे. बिस्किटांचा पुडा रडकुंडीला येऊन संपवणारा माणूस या पाचांत कुठे बसवायचा, आम्हांला तरी कळत नाही.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी याबाबत एक भेद केला आहे आणि तो आजही उपयोगी पडतो. जी वासना आपल्या इच्छेच्या आधी, न बोलावता उसळते, ती निर्णयावर झाकण घालते. म्हणून तिच्या भरात घडलेल्या कृतीचा दोष कमी होतो. जी वासना आपण स्वतः फुंकर घालून पेटवतो, ती दोष कमी करत नाही. आणि पुढचा मुद्दा असा: एखादी गोष्ट घडताना माझ्या हातात नसेल, पण तिचे कारण मीच राजीखुशीने घडवले असेल, तर जबाबदारी कारणापाशी माझी राहते. दारूच्या नशेत माणूस भान हरपतो, पण पहिला पेला उचलताना तो शुद्धीवर असतो.

आता हे झोपेला लावून पाहू. आमचेच उदाहरण घेतो. आम्हांला रात्रपाळी नाही, पाण्याची घाई नाही. तरी रात्री साडेअकरापर्यंत मोबाईलवर एकामागून एक चित्रफिती बघत बसतो, सहाला उठतो, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता चिवड्याचा डबा कधी अर्धा झाला ते कळत नाही. हा चिवडा चारच्या ठोक्याला खाल्ला गेला, पण त्याचा निर्णय आदल्या रात्री झाला होता, आणि तो आमचा होता. येथे रसायनांवर बोट दाखवणे ही पळवाट ठरेल. धाटावच्या त्या बंधूचे तसे नाही. त्याची झोप त्याने उधळली नव्हती, ती त्याच्याकडून काढून घेतली गेली होती. दोघांच्या हातून घडली ती कृती एकच, खाणे. दोघांनाही एकच उपदेश करणे आम्हांला सोपे गेले, कारण बाहेरून दिसते ते फक्त खाणे.

इथून पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. झोप काढून घेतली, ती कोणी?

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात एसाव रानातून थकून येतो आणि याकोबाने शिजवलेल्या तांबड्या डाळीच्या कालवणासाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क देऊन टाकतो. या उताऱ्यावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत आणि बहुतेकांत एसावाला झोडपलेले असते. त्याने हक्क तुच्छ लेखला, असे पवित्र शास्त्रच म्हणते, तेव्हा त्याची बाजू घ्यायला आम्ही निघालेलो नाही. पण चुलीपाशी दुसरा भाऊ बसला होता. समोरचा दमून मरायला टेकला आहे, हे त्याला दिसत होते. त्याने वाटी पुढे करण्याआधी सौदा केला आणि वर शपथही घ्यायला लावली. थकव्याच्या घटकेला किंमत लावणाऱ्या या भावाविषयी आपण फारसे बोलत नाही.

वडापावच्या गाडीवाल्याला याकोब ठरवू नका. तो बिचारा स्वतः पहाटे बटाटे उकडायला उठलेला असतो. पाच-दहा रुपयांची खारी-गोडी पुडी बनवणारे कारखानदार आणि माणसाला झोपेसाठी चार तासही न ठेवणारी पाळ्यांची आखणी यांचा हिशेब जरूर व्हावा. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण सुटतो, आणि आपण सुटू नये असे आम्हांला वाटते.

पेणचे उदाहरण घ्या. पेण, हमरापूर, जोहे या भागांत गणेशमूर्तींचे कारखाने किती आहेत ते आपण जाणतोच. ऐन हंगामात तिथे रात्री दिवसासारख्या चालतात. रंगकाम, मग डोळ्यांची आखणी. हात थरथरून चालत नाही आणि वेळ तर उरलेला नसतो. पहाटेपर्यंत जागायचे म्हणजे चहावर चहा, फरसाण, भजी. ही मुले काही अधाशी नव्हेत. मूर्ती ठरल्या दिवशी न्यायची ही गिऱ्हाइकाची गरज खरी आहे. पण निम्मी घाई आपल्या शेवटच्या क्षणी रंग बदलून मागण्याने होते, असे काम करणारेच सांगतात. तो सण आपला नसेल. मग नाताळ तर आपलाच आहे ना? २३ डिसेंबरला शिंप्याकडे कापड टाकून "मध्यरात्रीच्या मिस्साला घालायचंय, काहीही करा" असे म्हणणारे आपणच. मे महिन्यातल्या लग्नात रात्री एकपर्यंत वाढप्यांना थांबवून ठेवणारेही आपण. त्या शिंप्याने पहाटे काय खाल्ले आणि किती खाल्ले, त्याचा एक वाटा आपल्या नावावर लिहिला जात असेल का? आम्हांला वाटते, लिहिला जात असावा.

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात १७३५ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की अज्ञान, दडपण, भीती, सवय आणि इतर मानसिक व सामाजिक कारणांनी माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी नाहीशीही होऊ शकते. त्यातला 'सामाजिक' हा शब्द आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. सामाजिक कारणे म्हणजे शेवटी माणसेच. एकाची जबाबदारी कमी झाली म्हणजे ती हवेत विरली असे होत नाही. ती कोणाकडे तरी सरकलेली असते.

देव स्वतः थकलेल्या माणसाशी कसा वागतो? राजांच्या पहिल्या ग्रंथात १९ व्या अध्यायात संदेष्टा एलिया जीव मुठीत धरून पळतो आणि रानात एका झुडपाखाली मरण मागत आडवा होतो. इतका मोठा संदेष्टा, आणि अशी निराशा! आपण असतो तर त्याला चार शब्द सुनावले असते. देवदूताने त्याला काही सुनावले नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला आणि त्याला उठवून खायला सांगितले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. त्याला झोपू दिले. नंतर पुन्हा उठवले, पुन्हा खायला घातले. डोंगरावर जाऊन जे काही गंभीर बोलायचे होते ते सगळे नंतर. संत थॉमस यांनीही दुःखावरच्या उपायांत मित्र, सत्याचे चिंतन यांच्यासोबत झोप आणि स्नान यांना जागा दिली आहे. एवढा मोठा धर्मपंडित, आणि झोप-आंघोळ सांगायला त्याला संकोच वाटला नाही.

२०२२ मध्ये शिकागोच्याच संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. कमी झोपणारे, वजन थोडे वाढलेले ८० जण घेतले. त्यांतल्या निम्म्यांना जास्त वेळ झोपता यावे म्हणून फक्त सल्ला दिला. खाण्याविषयी एक शब्दही सांगितला नाही. त्यांची झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढली, आणि खाणे दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी आपोआप कमी झाले, म्हणजे साधारण दोन-अडीच चपात्यांइतके. नेम नाही, शपथ नाही.

हे सारे वाचून आणि विचार करून आम्ही त्या बंधूच्या घरी गेलो. आधी त्याला सांगितले, की ख्रिस्तसभेने सक्तीचे उपवास वर्षातून दोनच दिवस ठेवले आहेत, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. तुमचा नेम हा तुम्ही प्रेमाने केलेला संकल्प होता. तो मोडला म्हणून ख्रिस्तप्रसादापासून दूर बसण्याचे कारण नाही. मनाला खटकत असेल तर पापनिवेदन आहेच. मग झोपेचे विचारले, आणि पाण्याचे, टीव्हीचे, मुलांचे ते सगळे ऐकले. शेवटी तो थोडा अडखळत म्हणाला, "आणि सकाळी अकराची तालीम."

आम्हांला क्षणभर कळेना. मग लक्षात आले. पवित्र आठवड्याच्या गीतांची तालीम. गायनवृंदात त्याचा आवाज भरदार, म्हणून "तुम्ही आलंच पाहिजे" असा निरोप त्याला दर दोन दिवसांनी जात होता. ती सकाळी अकराची वेळ कोणी ठरवली होती? आम्हीच. त्याच्या चार तासांतला एक तास आम्ही घेत होतो आणि वर त्याला प्रार्थना वाढवायला सांगत होतो. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने आमच्याकडे पाहिले, पण काही बोलली नाही. तिने चहा ठेवला.

तालीम आता संध्याकाळी सहाला होते. सकाळचे पाणी भरायला शेजारचा मुलगा येतो. आईने टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचे कबूल केले आहे, मालिकेच्या वेळेपुरता तो थोडा चढतोच. कंत्राटाची मुदत सहा महिन्यांनी वाढली. पुढचे माहीत नाही. वडा तो अजूनही खातो. एक, बाकड्यावर बसून.

पुनरुत्थानाच्या रविवारी तो गायनवृंदात दुसऱ्या रांगेत उभा होता. आदल्या रात्री त्याला पाळी होती, आणि तिसऱ्या गीताच्या मध्यावर त्याला एक मोठी जांभई आली. आम्ही पाहिली, आणि पानाकडे बघत गात राहिलो.